बीट, दुधी, रताळं घालून चॉकलेट केक (दूध, लोणी, अंडं काहीही नाही): अनुभव, शंका, पाककृती

रानजाई (६ ऑगस्ट, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. दहा महिन्यांचा असताना चमचाभर दही चाटवलं, तर पाच मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या आणि डोळे सुजले. आता तो सात वर्षांचा आहे. दूध, दही, लोणी, तूप, पनीर, काहीच चालत नाही. अंड्याचीही ॲलर्जी होती, ती गेली, पण घरात अंडी आणायची सवय लागली नाही ती नाहीच. बाहेरच्या केकला हात लावता येत नाही, त्यामुळे त्याचे सगळे वाढदिवस माझ्या छोट्या ओटीजीवर (विजेच्या ओव्हनवर) झाले आहेत.

पहिली दोन वर्षं मी मैदा, कोको, साखर, तेल, पाणी आणि चमचाभर व्हिनेगर एवढ्यावर केक करायचे. ही रीत जुनीच. अमेरिकेत मंदीच्या आणि नंतर युद्धाच्या काळात दूध-अंडी-लोण्याची चणचण होती तेव्हा असे केक घरोघरी होत. फुगतो छान, पण दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. डब्यात दिला की शाळेत पोचेपर्यंत चुरा. एकदा एक मोठं बीट उरलं होतं, ते वाफवून मिक्सरमधून काढलं आणि अर्ध्या पाण्याच्या जागी घातलं. तो केक तिसऱ्या दिवशीसुद्धा मऊ होता, सुरीला जरासा चिकटत होता. तेव्हापासून भाजी घातल्याशिवाय मी चॉकलेट केक केलेला नाही.

प्रमाण असं: मैदा दीड कप (१९० ग्रॅम), कोको पावडर ३० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, खायचा सोडा १ छोटा चमचा सपाट, मीठ पाव चमचा, वाफवलेल्या बिटाचं गुळगुळीत वाटण २०० ग्रॅम, वास नसलेलं तेल ८० मिली, पाणी १०० मिली, व्हिनेगर १ मोठा चमचा, इन्स्टंट कॉफी १ छोटा चमचा. कोरडं सगळं दोनदा चाळून घ्यायचं. ओलं सगळं वेगळं फेटायचं. व्हिनेगर अगदी शेवटी, आणि ते पडलं की गप्पा मारत बसायचं नाही. सोडा लगेच कामाला लागतो, बुडबुडे टीनमध्येच यायला हवेत. ७ इंची टीन, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं.

दोन चुका मी केल्या, त्या तुम्ही करू नका. बीट कुकरमध्ये थेट पाण्यात उकडलं तर ते पाणी पितं आणि केकच्या तळाला खरवसासारखा चिवट थर बसतो. वाफवायचं, आणि वाटल्यावर चाळणीत पाच मिनिटं निथळू द्यायचं. दुसरी चूक, मिश्रण गुळगुळीत होईपर्यंत ढवळत राहणं. मैद्याच्या चार गुठळ्या दिसल्या तरी थांबा.

आता माझी शंका. बीट जमलं. दुधी, लाल भोपळा, रताळं, गाजर यांचा कोणाला अनुभव आहे का? आणि मुलांना न सांगता भाजी घालण्याबद्दल तुमचं काय मत आहे? माझं मत आहे, पण आधी तुमचं ऐकते.

खोली_नं_१२ (६ ऑगस्ट, रात्री १०:२५)

रानजाई ताई, वाचूनच भूक लागली. मी पीजीमध्ये राहते. एक शेगडी आणि पाच लिटरचा कुकर आहे, ओव्हन नाही. जमेल का?

रानजाई (६ ऑगस्ट, रात्री १०:५०)

जमेल. झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढ. तळाला वाटीभर जाडं मीठ पसर, त्यावर स्टँड किंवा पालथी ताटली. झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापव. आत पाणी अजिबात नको. टीन ६ इंची घे, बाजूने हवा फिरायला जागा राहिली पाहिजे. सगळं प्रमाण दोन तृतीयांश कर, म्हणजे मैदा एक कप. टीन ठेवल्यावर आच बारीक, आणि पहिली ३० मिनिटं झाकण उघडायचं नाही. ४५ मिनिटांच्या आसपास सुरी टोचून बघ. ते मीठ नंतर बरणीत भरून पुढच्या केकसाठी ठेव.

पृथक् (७ ऑगस्ट, सकाळी ७:५५)

मी अन्न तंत्रज्ञान शिकलो आहे, म्हणून थोडं कारणांबद्दल लिहितो. पुढे फळ-भाजी बदलताना उपयोग होईल.

बिटाला जो मातीचा वास असतो तो जिओस्मिन नावाच्या संयुगाचा. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास येतो त्यातही हेच असतं. आपल्या नाकाला ते अत्यंत कमी प्रमाणातही कळतं. आंबटाने त्याचा जोर कमी होतो, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू आधी थेट बिटाच्या वाटणात मिसळून दहा मिनिटं ठेवा. मग ते वाटण सोडा मिसळलेल्या कोरड्या मिश्रणात शेवटी घाला. कोको आणि कॉफी उरलेला वास झाकतात.

रंगाचं म्हणाल, तर वाटण कितीही लालभडक असलं तरी केक तपकिरीच होणार. बिटाचा रंग उष्णतेत टिकत नाही आणि सोड्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं, त्यात तर अजिबात टिकत नाही. एक चमचा व्हिनेगर एक चमचा सोड्याला पुरून उरत नाही. रंग हवाच असेल तर सोडा वगळून बेकिंग पावडर घ्या, लिंबू वाढवा आणि कोको अगदी कमी करा, पण मग तो चॉकलेट केक उरत नाही.

कोको पावडर दोन प्रकारची मिळते. नैसर्गिक कोको आंबटसर असते. दुसरी अल्कलीची प्रक्रिया केलेली, तिला डच कोको म्हणतात. ही प्रक्रिया नेदरलँड्सच्या फान हाउटेन घराण्याने एकोणिसाव्या शतकात आणली. ती गडद आणि चवीला सौम्य असते, पण सोड्याला आंबटपणा पुरवत नाही. पाकिटावर आम्लता नियामक म्हणून ५०० किंवा ५०१ हा क्रमांक असेल तर ती डच समजा, आणि व्हिनेगर विसरू नका. नाहीतर केकला साबणासारखी चव येते.

अंड्याच्या जागी भाजी का चालते? पूर्ण चालत नाहीच. अंडं बांधतं, फुगवतं आणि ओलावा देतं. भाजीतला तंतू आणि पेक्टिन पाणी धरून ठेवतात, म्हणजे ओलाव्याचं काम होतं, थोडं बांधण्याचंही. फुगवायचं काम सोडा करतो. जास्त बांधणी हवी असेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, बुळबुळीत झाली की घाला.

चिंतामणी६१ (७ ऑगस्ट, सकाळी ११:१०)

छान माहिती. मला मधुमेह आहे, वय ६१. सूनबाईंना हा धागा दाखवला. भाजीच आहे म्हटल्यावर मला एक तुकडा रोज चालायला हरकत नसावी, असं तिचं म्हणणं.

रानजाई (७ ऑगस्ट, दुपारी १२:३०)

काका, मी डॉक्टर नाही, पण हिशेब मांडते. या केकचे दहा तुकडे होतात. एका तुकड्यात बीट येतं २० ग्रॅम, म्हणजे कोशिंबिरीचा एक घास. साखर येते १५ ग्रॅम, म्हणजे तीन छोटे चमचे, आणि मैदा १९ ग्रॅम. भाजी पोटात गेली असं मी माझ्या मुलाच्या बाबतीतही मोजत नाही. त्याची भाजी त्याच्या ताटात वेगळी असते. बीट केकमध्ये आहे ते केकसाठी. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा तुकडा नका ठरवू.

चिंतामणी६१ (७ ऑगस्ट, दुपारी १:०५)

हिशेब पटला. नातवाच्या वाढदिवशी एक तुकडा, तोही विचारून.

उत्तररात्र (७ ऑगस्ट, रात्री ८:१५)

न्यू जर्सीहून. इथे ऑगस्टमध्ये ज्यांच्या परसात झुकिनी (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या जातीची भाजी) लावलेली असते ते शेजाऱ्यांना पिशव्या भरभरून वाटतात, आणि चॉकलेट झुकिनी ब्रेड घराघरांत होतो. त्यात कोणी काही लपवत नाही, नावातच झुकिनी असते. मी भारतात आलो की तोच दुधीचा करतो. दुधी सोलून, बियांचा भाग काढून बारीक किसायचा, दीड कप मैद्याला एक कप कीस, आणि वरचं पाणी निम्म्याहून कमी करायचं, कारण दुधीत बहुतेक पाणीच असतं. पिळू नका, सगळी चव नाही पण सगळा मऊपणा त्या पाण्यात आहे. किसाचे हिरवट धागे भाजल्यावर दिसत नाहीत.

पण माझी खरी शिफारस रताळ्याच्या फ्रॉस्टिंगची, म्हणजे केकवर लावायच्या थराची. २५० ग्रॅम रताळं सालासकट मंद आचेवर सावकाश वाफवा. सावकाश हे महत्त्वाचं, कारण रताळ्यातलं विकर (एन्झाइम) मध्यम उष्णतेत पिठूळपणाची साखर करतं. मायक्रोवेव्हमध्ये झटकन शिजवलं तर त्याला वेळच मिळत नाही आणि गोडी कमी येते. सोलून, चाळणीतून घासून दोरे काढा. १५० ग्रॅम बिनदुधाचं डार्क चॉकलेट वितळवून त्यात गरम असतानाच फेटा, चमचाभर खोबरेल तेल घाला. गार झालं की सुरीने पसरता येतं, चकाकतं, आणि पुण्याच्या उन्हाळ्यातही वितळून खाली येत नाही.

आता लपवण्याबद्दल. माझा भाचा बीट खात नसे. सहा वर्षांचा होता. एका समारंभात त्याने बिटाचा केक दोनदा मागून घेतला. मग एका मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर टाळी वाजवून सांगितलं, बघ, बीट खाल्लंस की नाही! सगळे हसले. तो हसला नाही. हातातला उरलेला तुकडा त्याने हळूच कागदी बशीत ठेवला, बशी टेबलाखाली सरकवली आणि आईच्या मागे जाऊन उभा राहिला. पुढे कितीतरी महिने कोणताही चॉकलेटचा पदार्थ दिला की तो आधी विचारायचा, यात काय आहे? मला ती बशी अजून दिसते.

माजघर (८ ऑगस्ट, सकाळी ९:३०)

उत्तररात्र, वाईट वाटलं वाचून. पण चूक त्या हसण्याची आहे, लपवण्याची नाही. आमच्या आईने आयुष्यभर थालीपिठात दुधी, कोबी, मेथीची देठं, सगळं घातलं. एकदाही यादी वाचून दाखवली नाही. आम्ही खाल्लं आणि वाढलो. स्वयंपाक करणारीने प्रत्येक गोष्टीचा जबाब द्यायचा का?

सांजवात (८ ऑगस्ट, सकाळी १०:४५)

माजघर ताई, माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. माझी मुलगी स्वमग्न आहे. ती मोजून सहा पदार्थ खायची, त्यातला एक माझा कोको पॅनकेक. मी त्यात पालकाचं वाटण घालायला लागले, आधी चमचा, मग दोन. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तिला कळलं, कशावरून कळलं मला आजही माहीत नाही. तिने पॅनकेकच सोडला. सहाचे पाच झाले. आमच्या थेरपिस्ट बाईंनी तेव्हा समजावलं, की जो पदार्थ मुलाला सुरक्षित वाटतो त्याच्याशी खेळू नका, नवा पदार्थ वेगळा, त्याच्या नावानिशी, शेजारी ठेवा. आम्ही आता तसंच करतो. पॅनकेक परत यायला दीड वर्ष लागलं.

रानजाई (८ ऑगस्ट, दुपारी २:२०)

सांजवात, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

माजघर ताई, तुमच्या आईचं थालीपीठ तुमच्या डोळ्यांसमोर मळलं जात होतं. देठं चिरताना दिसत होती. कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मला यातच फरक दिसतो.

माझं मत आता सांगते. माझ्या मुलाच्या बाबतीत न सांगितलेला एक चमचा दह्याचा असेल तर रात्र दवाखान्यात जाते. एका शेजारणीने प्रेमाने, काही होत नाही गं थोड्याने, असं मनाशी म्हणून तूप लावलेली पोळी त्याला दिली होती. तेव्हापासून पदार्थात काय आहे ते सांगणं आमच्या घरात सगळ्यात आधी येतं. तोही कुठे गेला की विचारतो. मग मीच त्याच्यापासून बीट लपवलं, तर कोणत्या तोंडाने त्याला सांगू, की नीट विचारून खा? आणि बीट लपवायचं कारणही नाही. ते केक मऊ ठेवतं म्हणून आहे. त्याला मी हेच सांगितलंय. तो बिटाची भाजी आजही खात नाही, आणि बिटाचा केक मात्र मागून घेतो. वाफवलेल्या बिटाची साल तोच काढतो, बोटांनी ढकलून, आणि लाल हात सगळ्यांना दाखवत फिरतो.

दुसऱ्यांच्या मुलांना देताना तर सांगाच. कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते आपल्याला माहीत नसतं. बदामाचं किंवा सोयाचं दूध वापरलं असेल तर तेही.

खोली_नं_१२ (८ ऑगस्ट, रात्री ९:५५)

ताई, डार्क चॉकलेट घेताना हिरवा ठिपका बघितला की पुरे ना?

पृथक् (८ ऑगस्ट, रात्री १०:१५)

नाही, हा फार सर्रास होणारा घोटाळा आहे. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडे शाकाहारात दूध येतं. बऱ्याच डार्क चॉकलेटमध्ये मिल्क सॉलिड्स किंवा बटर फॅट असतं. घटकांच्या यादीत हे दोन्ही शब्द शोधा, शिवाय व्हे आणि कॅसीन, हेही दुधाचेच घटक. व्हीगनसाठी, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या पदार्थांसाठी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्हही दिलं, हिरव्या रंगातलं इंग्रजी व्ही अक्षर. ते दिसलं तर यादीतला दुधाचा प्रश्न सुटला.

पण ॲलर्जी असेल तर तिथेही थांबू नका. त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेट बनत असेल तर अंश राहू शकतो, तशी सूचना पाकिटावर बारीक अक्षरात असू शकते. व्हीगन असणं आणि ॲलर्जीसाठी सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रानजाई (८ ऑगस्ट, रात्री १०:३०)

शंभर टक्के. मी म्हणूनच केकमध्ये चॉकलेट न घालता नुसती कोको घालते. कोकोच्या पाकिटावर वाचायला एकच ओळ असते.

किनारा (९ ऑगस्ट, दुपारी ३:४०)

वेंगुर्ल्याहून लिहिते आहे. तुमचं सगळं वाचलं आणि मला आमचं धोंडस आठवलं. कोणी केलंय का?

श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे तवशी होतात, मोठ्या जून काकड्या, पिवळट सालीच्या. तवसं सोलून, बिया काढून किसायचं. दोन वाट्या किसाला एक वाटी तांदळाचा रवा, कोरडाच खमंग भाजलेला. एक वाटी गूळ, पाऊण वाटी ओलं खोबरं, मीठ, वेलची. कीस आणि गूळ एकत्र उकळायचं, त्यात रवा शिजवून घट्ट करायचा, मग तेल लावलेल्या टोपात ओतायचं. माझी सासू चुलीवर ठेवायची आणि झाकणावर निखारे पसरायची. वर-खाली जाळ, म्हणजे तुमचा ओव्हनच की. कडा काळपट तांबूस होतात आणि त्या कडांसाठी मुलांची भांडणं. गोव्यात तवसळी म्हणतात.

यात दूध नाही, अंडं नाही. तूप घालतात, त्याजागी खोबरेल चालतं, आम्ही कितीदा तेच घालायचो. काकडीचा केकच आहे, आणि कोणी कोणापासून लपवलेली नाही. रानजाई, तुझ्या मुलाला हे नक्की कर.

रानजाई (९ ऑगस्ट, दुपारी ४:०५)

किनारा ताई, इतकी वर्षं मी परदेशी पाककृती शोधत बसले आणि हे कधी सुचलंच नाही! भोपळ्याचे घारगे करते, तेही तेच की. धोंडसात कोको चालेल का?

किनारा (९ ऑगस्ट, दुपारी ४:२०)

कधी घातली नाही. बाजारात तवसं दिसलं तर करून सांगते.

खोली_नं_१२ (१२ ऑगस्ट, रात्री ९:३०)

केला! कुकरमध्ये, ५० मिनिटं लागली. वरून चिरला, पण आतून ओलसर आणि गडद. चौघींनी उभ्या उभ्या संपवला. एकच गोष्ट: आज सकाळी एक मैत्रीण घाबरून आली, लघवीला लाल झालं म्हणून. आम्ही दवाखान्यात निघालोच होतो.

पृथक् (१२ ऑगस्ट, रात्री ९:५०)

बिटाने काही जणांना होतं, रंग शरीरात पूर्ण मोडत नाही. एक-दोन दिवसांत आपोआप जातं. बीट न खाताही दिसलं किंवा जळजळ असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि धाग्यात दुधी आलाय म्हणून महत्त्वाचं: दुधी, काकडी, तवसं, काहीही किसण्याआधी एक छोटा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागलं तर थुंका आणि सगळं फेकून द्या. तो कडवटपणा कुकुर्बिटॅसिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, तो शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडली आहेत आणि दगावलीही आहेत. आणि चॉकलेटमध्ये कडूपणा लक्षात येत नाही, म्हणून इथे जास्तच जपा.

किनारा (१७ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५)

केलं गो. दोन वाट्या किसाच्या धोंडसाला तीन मोठे चमचे कोको, गुळाच्या उकळत्या रसातच ढवळली, म्हणजे गुठळी झाली नाही. पहिल्यांदा वेलची घातली, ती कोकोशी भांडली. दुसऱ्यांदा वेलची काढून जायफळ किसलं, ते बसलं. गूळ दोन चमचे वाढवावा लागतो, कोको कडू असते. ओव्हनमध्ये १८० वर ४५ मिनिटं. गरम असताना कापू नकोस, रवा अजून पाणी ओढत असतो. रात्रभर ठेव.

रानजाई (२४ ऑगस्ट, रात्री ८:५०)

किनारा ताई, काल केलं. मंडईत तवसं मिळालं नाही, जून काकड्या घेतल्या. मुलाने प्रत्येक काकडीचा तुकडा आधी चाखून, कडू नाही, असं मोठ्याने जाहीर केलं, मगच किसणी हातात घेतली. तांदळाच्या रव्याऐवजी इडली रवा वापरला. तो जास्त पाणी पितो की काय, मधे जरा कोरडं वाटलं, पुढच्या वेळी अर्धी वाटी नारळाचं दूध घालून बघणार आहे. सकाळी कापलं तेव्हा वड्या स्वच्छ पडल्या. डब्याच्या झाकणावर त्याने स्वतः चिठ्ठी चिकटवली: काकडी, गूळ, तांदूळ, नारळ, कोको. कडा मात्र एकही शाळेत गेली नाही, त्या त्याने घरीच खाल्ल्या.

इडली रवा कोणी आधी भाजून मग भिजवून घेतलाय का? प्रमाण कळवा.